पेढीवरील संगणक आणि बसण्याचे शिक्षण

आमच्या वाडवडिलांचा सारा जमाखर्च गादी-तक्क्यावर झाला. पुढ्यात उतरत्या फळीचे मेज, त्यावर रोजमेळ व खतावणी, पाठीशी लोड. ती बैठक निर्दोष होती असे नव्हे. परंतु मुनीम घडोघडी काट्यापाशी वा वखारीत उठून जात, त्यामुळे अंग मोकळे राही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पेढीचे बहुतेक लिखाण संगणकावर गेले. मासिक विवरणपत्रांच्या ११ व २० तारखा जवळ आल्या की लेखनिक तासन् तास पडद्यापुढून हलत नाही.

बेळगावच्या रविवार पेठेत काय अथवा अन्य कोठल्या बाजारात काय, पोते पाठीवर कसे घ्यावे हे नवख्या हमालास जुना हमाल प्रथम दाखवितो. संगणकापुढे बसणाऱ्यास मात्र हिशेबाची प्रणाली शिकवितात; बसावे कसे, हे कोणी सांगत नाही.

ही व्याधी नवी नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला व १७१३ मध्ये वाढविला. त्यात धान्य चाळणाऱ्या-मापणाऱ्यांच्या विकारांप्रमाणे लेखनिकांचेही विकार आले आहेत. सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण ही त्यांची कारणे त्यांनी दिली आहेत. ब्रिटनमध्ये तर १ जानेवारी १९९३ पासून पडद्यापुढे काम करणाऱ्यांस असे शिक्षण देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

शिकवावयाचे ते फार नाही. पाठ खुर्चीस टेकलेली असावी. पावले जमिनीस न पोहोचल्यास खाली पाट द्यावा. पडदा समोरासमोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणाऱ्या वयस्क मुनिमांसाठी तो आणखी खाली घ्यावा, नाहीतर मान सतत उचलावी लागते. कोपर काटकोनात, मनगट सरळ आणि माऊस कळफलकाशेजारी असावा. दाराचा उजेड पडद्यावर किंवा थेट डोळ्यांवर न येता बाजूने यावा. भाव विचारताना फोन खांदा व कान यांत दाबून धरू नये.

घरी सुना-मुले लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करतात. त्यात पडदा व कळफलक जोडलेले असल्याने मानेस किंवा मनगटास त्रास व्हायचाच. लॅपटॉप उंचावर ठेवून निराळा कळफलक जोडावा. उंचीसाठी जुन्या जाड खतावण्याही चालतात!

पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, आणि अर्ध्या तासाने एकदा उठावे. उत्तम बैठकही फार वेळ टिकली की जाचते. बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा हात बधिर झाला, तर मलमावर न भागविता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

धान्यास ओल लागू नये म्हणून आपण थप्पीखाली फळ्या घालतो. जो नोकर आपला हिशेब राखतो, त्याची मान व मनगट हेच त्याच्या घराचे भांडवल होय. नवीन माणूस कामावर घेताना पहिला अर्धा तास या शिक्षणास द्यावा, आणि मालकाने प्रथम स्वतः तसे बसून दाखवावे, एवढीच सर्व व्यापारी बंधुभगिनींस विनंती.