अमेरिकेचे पत्र

घरात रात्रभर माणसे जमलेली असत. चहा, तंबाखू, जमलीच तर थोडी दारू, कोपऱ्यात व्हायोलिन. पहाटेच्या सुमारास मात्र बायकांना हुंदका आवरत नसे. वाटेने जाणाऱ्या परक्याला वाटावे, या घरातले कोणीतरी गेले! आणि ज्याच्यासाठी हा शोक, तो अठरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी धडधाकट चुलीपाशी बसलेली असे. सकाळी त्यांना अमेरिकेच्या बोटीसाठी निघायचे असे, एवढेच. एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये या रात्रीला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. ‘वेक’ म्हणजे मयताशेजारी जागून काढलेली रात्र. नाव किती नेमके होते पाहा. गेलेले माणूस सहसा पुन्हा दिसत नसे.

१८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली. दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांवर माणसे असलेले हे बेट आजही पुन्हा तेवढे भरलेले नाही.

त्या घरांना मग जगाशी जोडणारा एकच धागा उरला, तो म्हणजे ‘अमेरिकेचे पत्र’. विशेषतः नाताळच्या आसपास त्याची वाट पाहिली जाई. पश्चिमेकडच्या कित्येक घरांत आई-वडील फक्त आयरिश बोलत, पण लिहिणे-वाचणे मुलांना शिकवले होते ते इंग्रजीत. त्यामुळे लेकीचे शब्द आईपर्यंत पोहोचत ते शाळामास्तरांच्या, नाहीतर शेजारच्या शाळकरी पोराच्या तोंडून, आणि तेही भाषांतर होऊन! अशा पत्रात मनातले कितीसे लिहिणार? शेजाऱ्यांच्या देखत वाचले जाणार हे लिहिणारीलाही ठाऊक असे. म्हणून ‘मी मजेत आहे’ हे ठरलेले. बॉस्टनच्या मालकिणीचा जाच किंवा पोटमाळ्यावरच्या खोलीतली थंडी यांतले फारसे काही घरी पोहोचत नसावे.

पण लिफाफ्यात पैसे असत. न्यूयॉर्कला आलेल्या आयरिश लोकांसाठी १८५० मध्ये ‘एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक’ सुरू झाली, तिच्यामार्फतही असे पैसे मायदेशी जात. जमीनदाराचा खंड, वाण्याची उधारी, एखादी गाय, सारे त्यातून भागे. आयरिश स्थलांतराचे वैशिष्ट्य असे की जाणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या बायका होत्या. त्यातल्या बहुतेक तरुण आणि अविवाहित. परक्याच्या घरी भांडी घासून त्यांनी माहेरची चूल पेटती ठेवली. गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर जगलेल्या कोकणाला हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपला चाकरमानी गणपतीला घरी येई.

आणखी एक वस्तू कधीकधी लिफाफ्यात असे : बोटीचे भाडे भरलेले तिकीट. थोरलीने धाकटीला, धाकटीने भावाला बोलवायचे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवरचे केंद्र उघडले, तेव्हा पहिली नोंद झाली कॉर्कच्या ॲनी मूर या किशोरवयीन मुलीची. दोन धाकट्या भावांना घेऊन ती आई-वडिलांकडे निघाली होती. ते आधीच अमेरिकेत पोहोचले होते. घर तगवणारे पत्रच असे एकेकाला उचलून नेत घर रिकामे करी. आई-बापांनी ते उघडताना आनंद मानावा की धास्ती?

तिकीट न आल्यानेही आयुष्य ठरत असे. केरी परगण्यातली पेग सेयर्स (१८७३–१९५८) दुसऱ्याच्या घरी राबत होती आणि जिवलग मैत्रिणीच्या पत्राकडे डोळे लावून होती. मैत्रीण अमेरिकेहून भाडे पाठवणार होती. पत्र आले, पण मैत्रिणीला अपघात झाला होता, पैसे जमणार नव्हते. पुढे पेग लग्न होऊन ग्रेट ब्लास्केट या समुद्रातल्या एकाकी बेटावर गेली. तिची मुले मोठी झाली आणि अमेरिकेला निघून गेली! त्यांतला परत आलेला मुलगा मायकेल याने आईच्या तोंडून ऐकून तिचे आत्मचरित्र लिहून घेतले. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांनी ते अभ्यासाला वाचले, बरेचदा कंटाळूनही. माणसे जातच राहिली आणि १९५३ मध्ये सरकारने ते बेटच रिकामे केले.

क्वचित उलटेही घडे. १९४७ चा अखिल आयर्लंड गेलिक फुटबॉलचा अंतिम सामना चक्क न्यूयॉर्कला, पोलो ग्राउंड्सवर भरवला गेला. कॅव्हन विरुद्ध केरी. गेलेली मुले मैदानात आणि मागे राहिलेले आई-बाप रेडिओला कान लावून! सामना लांबला आणि आरक्षित केलेल्या लाइनची वेळ संपत आली. समालोचक मिहॉल ओहेहिर यांनी चालू समालोचनातच आणखी पाच मिनिटांसाठी याचना केली. लाइन तुटली नाही. कॅव्हन जिंकल्याचे घरी कळले.

आता फोनवर आईचा चेहरा रोज दिसतो. तरी सगळ्यांचेच अंतर मिटलेले नाही. १९८० च्या दशकात पर्यटक व्हिसावर जाऊन अमेरिकेतच राहिलेले आयरिश पुष्कळ. १९९० च्या कायद्याने त्यांतल्या बऱ्याच जणांना कागदपत्रे मिळाली, सर्वांना नाही. त्यांच्यानंतरही तसे आणखी गेले. १९९६ च्या अमेरिकी कायद्यानुसार वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर पडला, तर त्याला साधारणपणे दहा वर्षे परतबंदी होते. आयर्लंडमध्ये अंत्यविधी दोन-तीन दिवसांत उरकतात. आई गेल्याचा फोन आला, की तेवढ्या वेळात ठरवायचे : तिला माती द्यायला जायचे, की इथली बायकामुले, घर, धंदा सांभाळायचा? गावाकडच्या कित्येक चर्चमध्ये आता कॅमेरा बसवला आहे. न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे सहा वाजलेले असतात, तेव्हा तिकडे अकराची प्रार्थना सुरू होते. ती संपली, की मोबाइल खिशात टाकून कामावर निघायचे.