बाणाची पिसे आणि नागपूरचा उन्हाळा

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत नागपूरच्या ओजस देवतळेने १५ बाण सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात रुतले. १५० पैकी १५०. समोरच्या पोलिश तिरंदाजाचे १४९ झाले. एका गुणाने त्याचे जगज्जेतेपद हुकले. ५० मीटरवरचे ते वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे, आणि कंपाऊंड म्हणजे कप्प्यांच्या धनुष्यातून सुटलेला बाण तिथवर सेकंदभरही घेत नाही. एवढ्या वेळात त्याला सरळ ठेवतात ती शेपटाकडची तीन चिमुकली प्लॅस्टिकची पिसे. आणि ती पिसे नळीला धरून असतात गोंदाच्या एका पातळ थरावर. हा लेख त्या थराविषयी आहे.

बाकीची हकिकत झटपट सांगून टाकू. ओजस नागपूरचा, पण घडला साताऱ्यात, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. तिथलीच अदिती स्वामी बर्लिनमध्येच, वयाच्या सतराव्या वर्षी, जगज्जेती झाली. त्याच वर्षी बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे नमवले, आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके आणली. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच खेळला जाईल. विदर्भातल्या मैदानांवर मुलांची गर्दी वाढली ती यामुळेच, आणि गर्दीबरोबर तुटक्या पिसांचे ढीगही वाढले.

गंमत अशी की नेम सुधारला की पिसे जास्त उडतात. नवशिक्याचे बाण लक्ष्यावर विखुरलेले असतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण बाण एका ठिकाणी जमू लागले की मागून येणारा बाण आधीच्याचे पीस खरवडत जातो. कधी पिसाचा तुकडा पडतो, कधी ते पुढच्या टोकाकडून उचलले जाते, कधी मुळासकट निघते. तीनपैकी एक पीस गेलेला बाण हवेत डोलू लागतो आणि कुठे जाईल याचा भरवसा उरत नाही. शिवाय जागतिक संघटनेच्या नियमानुसार एका फेरीत वापरायचे सगळे बाण एकसारखे, त्याच रंगाच्या आणि नमुन्याच्या पिसांचे हवेत. लाल पीस संपले म्हणून एका बाणाला हिरवे लावले, असे चालत नाही.

म्हणून पिसे घरी लावता आली पाहिजेत. कार्बनच्या बाणांचा डझन हजारो रुपयांचा. तीन पिसांपायी तो कोपऱ्यात टाकणे परवडण्यासारखे नाही. तिरंदाज या पिसांना ‘व्हेन’ म्हणतात, नळीला ‘शाफ्ट’ आणि मागच्या खाचेच्या टोपीला ‘नॉक’. काम फार अवघड नाही. तरीही एका घरी लावलेली पिसे वर्षभर टिकतात आणि दुसऱ्या घरची आठवड्यात गळतात. दोघांची गोंदाची बाटली तीच असते.

फरक बहुतेक वेळा गोंदाच्या आधीच्या कामात असतो. जुने पीस काढताना धारदार पाते उभे धरले तर कार्बनचे धागे कापले जातात. बोथट सुरी जवळजवळ आडवी धरून पीस आणि जुना गोंद सोलून काढावा. गोंद सुटावा म्हणून शाफ्ट गॅसवर धरणारे महाभागही आहेत. कार्बनचे धागे ज्या रेझिनने बांधलेले असतात ते उष्णतेने दुबळे होते, त्यामुळे हा उपाय कटाक्षाने टाळावा. जुन्या गोंदाचा खरखरीतपणा बोटाला जाणवेनासा होईपर्यंत सोलणे चालू ठेवायचे.

नंतर धुणे. इथेच घाई होते. शाफ्टवर असते ते बोटांचे तेल, घाम, लक्ष्याच्या फोमचा अंश. भांड्यांच्या साबणाने आणि हिरव्या घासणीने हलक्या हाताने घासून, भरपूर पाण्याने धुऊन मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. हे अल्कोहोल नागपूरच्या सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सचे सामान विकणाऱ्यांकडे विचारावे. सर्किट साफ करायला तेच वापरतात. नेलपॉलिश काढायचे द्रावण मात्र नको, त्यात सुगंध आणि तेले मिसळलेली असतात आणि ती मागे राहतात. धुणे जमले की नाही हे पाण्यालाच विचारायचे: शाफ्टवर पाणी सलग पसरले तर तो स्वच्छ, पाण्याचे मणी झाले तर तेल शिल्लक. मणी दिसले की पुन्हा पहिल्यापासून. हा खटाटोप वेडेपणाचा वाटतो खरा, पण गळालेल्या पिसाखाली पाहिले तर बरेचदा गोंद पिसाला चिकटून आलेला असतो आणि शाफ्ट कोरा असतो. गोंदाने आपले काम केले होते, त्याला धरायला शाफ्ट मिळाला नाही. एकदा स्वच्छ झालेल्या भागाला बोट लागता कामा नये, आणि बाण वर्तमानपत्रावर ठेवू नयेत, शाई लागते. पिसाचा तळही अल्कोहोलने पुसावा, कारण साच्यातून सहज सुटावे म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश काही पिसांवर राहिलेला असतो.

आता गोंद. आपल्याकडे बहुतेक जण फेविक्विकच आणतात, आणि ते चुकीचे नाही. फेविक्विक काय किंवा तिरंदाजीच्या दुकानातली महागडी बाटली काय, आत बहुतेकदा असते सायनोॲक्रिलेटच. त्याचा जन्मही धनुष्यबाणाच्या दूरच्या नात्यातला म्हणावा असा. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर हा कोडॅक कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. हे द्रव्य हाती आले, पण लागेल त्याला चिकटू लागले. कटकट म्हणून ते बाजूला पडले. १९५१ मध्ये फ्रेड जॉयनर या सहकाऱ्याने ते अपवर्तनांक मोजायच्या यंत्राच्या दोन लोलकांमध्ये पसरले आणि महागडे लोलक एकमेकांना कायमचे चिकटले. तेव्हा कुठे त्यात धंदा दिसला. बाजारात यायला १९५८ उजाडले.

या गोंदाला चिकटायला ओलावा लागतो. बाटलीत तो पातळ राहतो. पृष्ठभागावर असणाऱ्या पाण्याच्या अदृश्य थराशी गाठ पडली की त्याचे रेणू साखळ्या करून घट्ट होतात. नागपूरकराने इथे कान टवकारावेत. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांकडे जातो आणि हवेत ओलावा जवळजवळ नसतो. अशा हवेत गोंद रेंगाळतो, पीस दाबून धरणारा क्लॅम्प लवकर काढला तर ते घसरते. त्याच गोंदाची जुलैत गत उलटी: पीस नीट बसायच्या आत तो पकडतो आणि भोवती पांढुरकी धूसर छटा उमटते. उन्हाळ्यावर नागपूरकडे घरगुती इलाज आहे तो कूलरचा. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट असते आणि गोंद वेळेवर धरतो. फक्त थेट झोतासमोर बसू नये, पिसावर धूळ बसते. पावसाळ्यात पीस क्लॅम्पमध्ये आधी नीट बसवून घ्यावे आणि एका वेळी एकाच पिसाला गोंद लावावा.

गोंद जास्त म्हणजे पकड जास्त, हा समज मात्र घरोघरी आहे. सायनोॲक्रिलेट पातळ थरातच बळकट असतो; जाड ओघळ आतून ओला राहतो. पिसाच्या तळावर एक बारीक रेघ, बस्स. बाटली फ्रीजमध्ये ठेवत असाल तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरते आणि उरलेला गोंद घट्ट होऊन बसतो.

पीस जागेवर धरायला जिग लागतो. बाणाची नॉक त्यात अडकते, क्लॅम्प पीस धरतो आणि तिन्ही पिसे १२० अंशांवर बसतात. हाताने अंदाजे लावलेली पिसे टिकतीलही, पण एकसारखी येणार नाहीत. प्रत्येकाने जिग घेण्याची गरज नाही, क्लबात एक पुरतो. क्लॅम्पचा दाब पिसाच्या दोन्ही टोकांवर पोचतो का, हे आधी गोंदाशिवाय बसवून पाहावे. नंतर पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक थेंब द्यावा. लक्ष्यात घुसताना पीस पुढून उचलले जाते, ते या थेंबाने थांबते.

पुढचे टोक बांधण्याची ही काळजी फार जुनी आहे. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यात १४ शाफ्ट होते, पण पुरे झालेले बाण दोनच. त्यांची पिसे भूर्जाच्या डांबराने चिकटवून वर धाग्याने गुंडाळलेली होती. आपल्या धनुर्वेदाच्या ग्रंथांतही बाणाला हंस, मोर, गिधाड अशा पक्ष्यांची चार पिसे सहा अंगुळे कापून लावावीत आणि स्नायूच्या तंतूंनी बांधावीत, असे सांगितले आहे. नुसत्या चिकटवण्यावर त्यांचाही विश्वास नव्हता. रिकर्व्ह धनुष्यवाले वापरतात ती वळलेली पातळ फिल्मची स्पिन विंग तर आजही दुहेरी चिकटपट्टीवर बसते आणि टोकांना पट्टी गुंडाळावी लागते. गिधाडाचे पीस मात्र आता कोणी शोधू नये; १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे.

सुरक्षेच्या दोन गोष्टी. सायनोॲक्रिलेट कापसाला किंवा सुती कपड्याला लागला की एकदम तापतो आणि त्वचा भाजू शकते, म्हणून सांडलेला गोंद कापसाने टिपू नये. बोटे चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवावीत. लावलेले बाण दिवसभर तसेच उभे ठेवावेत आणि उन्हात उभ्या गाडीत तर कधीच सोडू नयेत.

आणि एक विनंती. पीस लावण्याआधी प्रत्येक कार्बन शाफ्ट दोन्ही हातांनी हलकासा वाकवून, फिरवून कानाशी धरावा. करकरला, बोटाला चीर लागली, तर तो मोडून टाकावा. अशा शाफ्टला नवी पिसे लावून शिकाऊ मुलाच्या हाती देऊ नये. बाण सुटताना तो फुटला तर त्याच्या कपच्या हातात घुसतात.