उशिरापेक्षा हरवलेलं बरं

फोनवर आपण नुसतं ‘हॅलो’ म्हणेपर्यंत यंत्राने त्या आवाजाची तीन-चार हजार मापं घेऊन ठेवलेली असतात. सेकंदाला ८,००० मापं, प्रत्येक माप एक बाइट. दर २० मिलिसेकंदांनी साठलेल्या १६० बाइटांचं एक पॅकेट बांधलं जातं, त्यावर ४० बाइटांचा पत्ता चढतो आणि ते निघतं. अशी सेकंदाला ५० पॅकेटं एका बाजूने, तितकीच दुसऱ्या बाजूने. ही जी.७११ नावाची साधी, जुनी पद्धत. जी.७२९ या काटकसरी पद्धतीत २० मिलिसेकंदांचा आवाज २० बाइटांत बसतो, पत्ता मात्र ४० बाइटांचाच. मजकुराच्या दुप्पट पत्ता!

म्हणजे एक संभाषण एका बाजूने सेकंदाला फार तर ८० किलोबिटांचं. मोबाइलवर पाहिलेला सिनेमा याच्या कित्येक पट जागा खातो. तरीही सिनेमा सुरळीत चालतो आणि फोनवर ‘आवाज कट होतोय’ म्हणायची वेळ येते, कारण सिनेमा पुढचं दृश्य आधीच मागवून साठवू शकतो. समोरचा माणूस अजून बोललाच नाही ते वाक्य कोण कुठून साठवणार?

आवाज निघाल्यापासून पोचेपर्यंत १५० मिलिसेकंदांपर्यंतचा वेळ बहुतेकांना जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्यापुढे संभाषणाचा ताल बिघडू लागतो. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग ‘बोला, बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’.

फाइलचा एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवता येतो. आवाजाचा तुकडा पुन्हा मागवून येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन आलेली पॅकेटं क्षणभर अडवून ओळीत लावतो आणि ठरल्या वेळेनंतर आलेलं पॅकेट सरळ फेकून देतो. मोकळी जागा आधीच्या ध्वनिलहरीवरून अंदाजाने भरली जाते, आणि २० मिलिसेकंदांची ही ठिगळं कानाला सहसा कळतही नाहीत.

उशिरापेक्षा हरवलेलं बरं, हा आग्रह इंटरनेटच्या घडणीतच मुरलेला आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातली इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन लॅबोरेटरी यांच्यात इंटरनेटच्या पूर्वज आर्पानेटवरून बोलणं पाठवण्याचा प्रयोग झाला. त्यामागे डॅनी कोहेन हे संशोधक होते. प्रत्येक पॅकेट पोचलंच पाहिजे आणि क्रमानेच पोचलं पाहिजे, ही शिस्त बोलण्याच्या मुळावर येते हे त्यांना दिसलं होतं. कोहेन आणि त्यांच्यासारखा विचार करणाऱ्यांच्या आग्रहामुळे १९७८ मध्ये पॅकेटं पोचवण्याच्या टीसीपी या तोवर एकसंध असलेल्या नियमावलीची फोड झाली: पत्त्यावर धाडण्याचं काम आयपीकडे, पोचल्याची खात्री करण्याचं टीसीपीकडे. ज्याला खात्री नको, घाई आहे, त्याच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी आला. फोनवरचा आवाज आजही बहुतेक यूडीपीवरूनच जातो.

गर्दीत आवाजाला आधी वाट मिळावी म्हणून पॅकेटवर लावायची प्राधान्याची खूणही छोटीशीच. आयपीच्या पत्त्यातल्या दुसऱ्या बाइटमध्ये १९८१ पासून महत्त्व दाखवायची सोय होती, पण तिचा वापर क्वचितच होई. १९९८ मध्ये त्यातल्या सहा बिटांना नवा अर्थ दिला गेला. आवाजाच्या पॅकेटवर तिथे ४६ हा आकडा असतो, म्हणजे १०१११०. तो वाचून राउटर ते पॅकेट वेगळ्या रांगेत घेतो आणि इतरांच्या आधी सोडतो. अर्थात ४६ कोणीही लिहू शकतं. म्हणून कार्यालयातला स्विच टेबलावरच्या फोनने लावलेली खूण मानतो आणि कॉम्प्युटरने लावलेली बहुधा पुसून टाकतो. हा अविश्वास मला अगदी रास्त वाटतो.

पण नुसतं आधी सोडून भागत नाही. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर राजधानीसाठी पॅसेंजर बाजूला थांबवतात. मात्र मालगाडी आधीच पुढच्या टप्प्यात शिरली असेल तर राजधानीलाही थांबावंच लागतं. तारेतही तसंच. सेकंदाला ६४ किलोबिटांच्या तारेवर १,५०० बाइटांचं एक पॅकेट चढलं की ते उतरायला १८७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १५० ची मर्यादा तिथेच संपली. यावर तोडगा असा की मोठ्या पॅकेटाचे तुकडे करायचे आणि दोन तुकड्यांच्या फटीतून आवाज पुढे काढायचा. आजच्या वेगवान तारांवर याची गरज उरलेली नाही.

प्राधान्याला कुंपणही घालावं लागतं, नाहीतर बाकीच्यांची उपासमार होते. आणि इथे सगळ्यात नवलाची गोष्ट घडते. समजा, कुंपणात दहा कॉल मावतात. अकरावा शिरला तर एकट्या अकराव्याचा आवाज तुटत नाही. राउटरला सगळी ४६ सारखीच, त्यामुळे जास्तीची पॅकेटं कोणाच्याही संभाषणातून गळतात आणि अकराही जण ‘हॅलो, हॅलो’ करत बसतात. म्हणून अकराव्याला दारातच एंगेज टोन ऐकवावा लागतो. एवढा खटाटोप करून पुन्हा आजोबांच्या काळातल्या एंगेज टोनवरच येऊन पोचलो की आपण!

आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं नेटवर्क सुरू झालं, ते ४जीवरच. तिथे प्रत्येक साधा कॉलही आयपी पॅकेटांनीच जातो. ४जीच्या मानकात आवाजाला १०० मिलिसेकंदांची मुदत आहे आणि शंभरात एक पॅकेट गळालं तरी माफ. साध्या डेटाला ३०० मिलिसेकंद, पण गळती दहा लाखांत एक. अमेरिकेतल्या मुलाशी आई व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलते तो आवाज साधारणपणे या दुसऱ्या रांगेतून जातो, त्याच टॉवरवरून. पुढे सार्वजनिक इंटरनेटवर तर ४६ ची खूण असली तरी सहसा कोणी विचारत नाही.

४जीच्या त्या मानकातल्या प्राधान्याच्या मूळ तक्त्यात पहिला क्रमांक मात्र आवाजाचा नाही, आवाज दुसरा. पहिला मान कॉल जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या निरोपांचा, कारण फोन वाजलाच नाही तर बोलणार कोण?