आयोडीन, भूमी व मानवी शरीर

आयोडीन, भूमी व मानवी शरीर : मनुष्याचे शरीर व तो राहतो ती भूमी यांचा संबंध किती निकटचा असतो, हे आयोडीन या मूलद्रव्यावरून स्पष्ट होते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात ते सु. १५ ते २० मिग्रॅ. असते व त्याचा बहुतेक भाग मानेतील अवटू ग्रंथीत साठविलेला असतो. ही ग्रंथी त्यापासून थायरॉक्सिन हे हॉर्मोन बनविते. शरीराची वाढ, उष्णतानिर्मिती आणि मेंदूचा विकास ही कार्ये त्यावर अवलंबून असतात. प्रौढास रोज सु. १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते व ते आहारातूनच मिळवावे लागते.

निसर्गातील आयोडिनाचा एक मोठा साठा समुद्रात आहे. तेथून त्याची संयुगे वायुरूपाने वातावरणात जातात व पावसाबरोबर जमिनीवर उतरतात. पुढे ते मृदेतून वनस्पतींत आणि वनस्पतींतून प्राण्यांत व मनुष्यात येते. हिमनद्यांनी मृदेचे जुने थर खरवडून नेलेल्या पर्वतीय प्रदेशांत, तसेच अतिवृष्टी व पूर यांमुळे माती धुपणाऱ्या खोऱ्यांत जमिनीत आयोडीन फार कमी उरते. जमिनीवरील पिकांच्या वाढीस ते आवश्यक नसल्यामुळे तेथील पीक जोमदार दिसते. उणीव प्रकट होते ती ते पीक खाणाऱ्या मनुष्यात.

आयोडीन अपुरे पडल्यास पोष ग्रंथीच्या वाढत्या उद्दीपनामुळे अवटू ग्रंथी मोठी होते. या विकारास गलगंड म्हणतात. गर्भवती स्त्रीच्या आहारात त्याची तीव्र उणीव असल्यास मुलात जडवामनता, बहिरेपणा व मतिमंदता उद्‌भवते. गर्भावस्थेत मेंदूची झालेली ही हानी पुढे भरून काढता येत नाही.

आल्प्स व हिमालय या पर्वतरांगांतील गलगंड फार पूर्वीपासून ज्ञात आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ साली आयोडीनयुक्त मिठाचा प्रसार सुरू झाला. भारतात कांग्रा खोऱ्यात वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून अभ्यास केला. खोऱ्याच्या काही भागांत आयोडीनयुक्त व एका भागात साधे मीठ पुरविण्यात आले. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण काही वर्षांत लक्षणीय रीत्या घटले. देशात १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आहे.

मीठ गरीब-श्रीमंत सर्वच रोज व जवळजवळ ठराविक प्रमाणात खातात, म्हणून या कामासाठी त्याची निवड झाली. तथापि या उपायाने भूमीतील उणीव नाहीशी होत नाही. मिठाचा पुरवठा खंडित झाल्यास विकार पुन्हा उद्‌भवू शकतो. त्यामुळे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवणे आवश्यक ठरते.