उत्तर युरोपची क्रूझ : तिकीट एक, बंदरे सात, मग व्हिसा किती?

कारखान्याचा गाळप हंगाम आटोपलेला, सोयाबीनच्या पेरणीला अजून महिनाभर अवकाश आणि मुलांच्या शाळांना सुट्या. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात सगळे घर एकत्र बाहेर पडू शकेल असा काळ वर्षातून एकदाच येतो, तो म्हणजे मे महिना. योगायोग असा, की बाल्टिक समुद्र आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावरील क्रूझचा मुख्य हंगामही मेपासूनच सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत चालतो. ‘सात रात्री, पाच देश’ अशा जाहिराती आता गावातल्या मोबाइलवरही दिसतात. आजी-आजोबांसह जाणाऱ्या कुटुंबाला हा प्रकार सोयीचा वाटतो, कारण बॅग एकदाच उघडायची आणि देश मात्र रोज नवा. पण जहाजाचे तिकीट हातात असणे म्हणजे बंदरावर उतरण्याची परवानगी असणे नव्हे. या दोन गोष्टींतला फरक उशिरा कळला, तर काही लाखांची सहल जहाजाच्या दारातच संपू शकते. काय आहे हे गणित?

या क्रूझमध्ये नेमके काय असते?

क्रूझ म्हणजे चालते हॉटेल. जहाज रात्री प्रवास करते, सकाळी एखाद्या बंदराला लागते आणि संध्याकाळी पुढे निघते. मधल्या सात-आठ तासांत शहर पाहून परत यायचे असते. बाल्टिक मार्गावर साधारणपणे जर्मनीतील कील किंवा वार्नेम्युंडे, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, स्वीडनमधील स्टॉकहोम, फिनलंडची राजधानी हेलसिंकी, एस्टोनियातील टॅलिन, लॅटव्हियातील रिगा आणि पोलंडमधील ग्डिनिया ही बंदरे येतात. दुसरा लोकप्रिय मार्ग नॉर्वेच्या फियॉर्डचा, म्हणजे डोंगरांत आत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांचा. त्यात बर्गन, गेइरांगर अशी ठिकाणे असतात. गेइरांगरचा फियॉर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

जाहिरातीतले शहर आणि प्रत्यक्ष बंदर हे मात्र वेगळे असू शकतात. वेळापत्रकात ‘बर्लिन’ लिहिलेले असते, पण जहाज लागते वार्नेम्युंडेला. तिथून बर्लिन सुमारे २३० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन सहा तास प्रवासातच जातात. ‘पॅरिस’च्या बाबतीत हेच ल हाव्र बंदराचे. ‘स्टॉकहोम’साठीही काही मोठी जहाजे शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवरच्या नीनेसहाम्नला थांबतात. त्यामुळे शहराचे नाव वाचून खूश होण्याआधी बंदराचे नाव विचारावे.

व्हिसा एक की दोन?

हे पूर्णपणे मार्गावर अवलंबून आहे. युरोपातील २९ देशांचा मिळून ‘शेंगेन’ हा एक समूह आहे. त्यांच्यापैकी एका देशाने दिलेल्या व्हिसावर सर्व देशांत फिरता येते. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, एस्टोनिया, लॅटव्हिया, पोलंड, जर्मनी आणि युरोपीय संघात नसलेले नॉर्वे व आइसलँड हेही या समूहात आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र त्यात नाहीत. हे लक्षात घेतले की तीन शक्यता उरतात.

पहिली : जहाज कीलहून निघते, कोपनहेगन, स्टॉकहोम, टॅलिन करून कीललाच परतते. सर्व बंदरे शेंगेनमधली. एक व्हिसा पुरतो आणि नियमाप्रमाणे प्रवेशही एकच धरला जातो.

दुसरी : जहाज इंग्लंडमधील साउथॅम्प्टनहून निघून नॉर्वेचे फियॉर्ड दाखवते आणि साउथॅम्प्टनला परतते. येथे ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आणि शेंगेन व्हिसा असे दोन वेगळे अर्ज, दोन वेगळी शुल्के आणि पासपोर्ट दोनदा जमा करणे आले. दोन्हींना लागणारा वेळ एकात एक बसत नाही.

तिसरी, सर्वांत फसवी : जहाज जर्मनीतील हॅम्बुर्गहून निघते, मध्ये स्कॉटलंडचे एखादे बंदर घेते, मग आइसलँडला जाते. जर्मनीत शेंगेनमध्ये पहिला प्रवेश. स्कॉटलंड ब्रिटनमध्ये असल्याने तिथे जाणे म्हणजे शेंगेनबाहेर पडणे. आइसलँडला उतरणे हा दुसरा प्रवेश. पासपोर्टवरच्या व्हिसावर ‘एक प्रवेश’ असे छापले असेल, तर तो हॅम्बुर्गलाच वापरून झालेला असतो. अशा मार्गासाठी बहुप्रवेश शेंगेन व्हिसा आणि त्याशिवाय ब्रिटनचा व्हिसा, दोन्ही लागतात.

‘आम्ही त्या बंदरावर उतरणारच नाही, जहाजातच बसू’ ही पळवाट बहुतेक कंपन्या मान्य करत नाहीत. मार्गावरील प्रत्येक देशाची कागदपत्रे नसतील तर सुरुवातीच्या बंदरावरच प्रवाशाला जहाजात घेतले जात नाही आणि कंपन्यांच्या अटींनुसार पैसेही परत मिळत नाहीत. विमान लंडनमार्गे असेल तर तिथल्या ट्रान्झिटचे नियम वेगळे तपासावे लागतात.

अर्ज कोणत्या देशाकडे आणि कधी करायचा?

जास्त दिवस ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा, असा शेंगेनचा नियम आहे. क्रूझमध्ये बहुधा प्रत्येक देशात एकेकच दिवस येतो. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार, त्याच्याकडे अर्ज जातो. म्हणून विमान कुठे उतरते, यावरून अर्जाचा देश ठरू शकतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण अधिक तपासणी असेल तर ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. मे महिन्याच्या सहलीसाठी सगळा देश मार्च-एप्रिलमध्ये अर्ज करतो, त्यामुळे तेव्हा भेटीची वेळ मिळणेच अवघड होते. ढोकीच्या कुटुंबासाठी अर्ज करण्याचा शहाणपणाचा काळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी, म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. बोटांचे ठसे देण्यासाठी देशानुसार मुंबई किंवा पुण्याच्या अर्ज केंद्रावर प्रत्येकाला स्वतः जावे लागते. १२ वर्षांखालील मुलांना ठशांतून सूट आहे. ऊसतोडीच्या धावपळीत घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी नेता येईल का, याचाही विचार आधीच करावा.

पासपोर्ट युरोपातून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पाने कोरी असलेला हवा. आजी-आजोबांच्या आधार, पॅन आणि पासपोर्टवरील नावांत किंवा जन्मतारखांत फरक असेल, तर तो पासपोर्ट काढतानाच मिटवावा.

शुल्क किती आणि नकाराचा धोका किती?

११ जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. समजा आजी-आजोबा, आई-वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे सहा जणांचे कुटुंब आहे. त्यांचे केवळ शुल्क ४०५ युरो होते. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

२०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज झाले आणि त्यातील सुमारे १५ टक्के नाकारले गेले. सहा जणांपैकी एकाचा जरी व्हिसा अडला, तरी उरलेल्या पाच जणांसमोर जायचे की नाही हा प्रश्न उभा राहतो. कौटुंबिक सहलीत खरी जोखीम ही आहे. त्यामुळे व्हिसा नाकारल्यास किती रक्कम परत मिळेल, हे बुकिंग करतानाच लेखी घ्यावे.

एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी एक सवलत जाहीर केली. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियम पाळून वापरलेल्यांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मात्र तिचा उपयोग नाही. त्यांनी अर्जासोबत जहाजाचे पूर्ण वेळापत्रक जोडून किती प्रवेश हवेत ते स्पष्ट लिहावे.

शेतीचे उत्पन्न कागदावर कसे दाखवायचे?

नोकरदाराकडे पगारपत्रक असते, शेतकऱ्याकडे नसते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी प्राप्तिकर विवरणपत्रही भरलेले नसते. दूतावासाला मात्र दोन गोष्टींची खात्री हवी असते : प्रवासाचा खर्च झेपतो आणि प्रवासी परत येणार आहे. सातबारा, कारखान्याकडून बँक खात्यात जमा झालेली उसाची बिले आणि सहा महिन्यांचे खातेउतारे या दोन्हींना आधार देतात. मराठीतील सातबारा इंग्रजी भाषांतरासह द्यावा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम भरली, तर ती मदत करण्याऐवजी शंका निर्माण करते.

विवरणपत्राचा आणखी एक संबंध येतो. परदेश सहलीचे पॅकेज विकताना कंपनीला ग्राहकाकडून टीसीएस हा कर गोळा करावा लागतो. २०२३ नंतर त्याच्या दरांत आणि मर्यादेत बदल झाले आहेत, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा. हा जादा खर्च नसून आगाऊ घेतलेला कर आहे. ज्यांचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे त्यांना तो परत मिळू शकतो, पण त्यासाठी पॅन आणि विवरणपत्र आवश्यक आहे. विवरणपत्र भरले नाही तर हक्काची रक्कम तशीच पडून राहते.

जाहिरातीतल्या किमतीत काय नसते?

जहाजावरील खोली आणि मुख्य भोजनगृहातील जेवण बहुधा भाड्यात असते. बंदर कर, इंटरनेट, थंड पेये, बंदरावरील सहली आणि विमानाचे भाडे अनेकदा वेगळे असते. कर्मचाऱ्यांसाठीचा सेवाआकार कंपनीनुसार माणशी रोज साधारण १० ते २० डॉलर असतो. रोज १५ डॉलर धरले तरी चार प्रौढांचे सात रात्रींचे ४२० डॉलर होतात. चलनही एकच नाही. जर्मनी, फिनलंड, एस्टोनिया, लॅटव्हियात युरो चालतो, तर डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि पोलंडची चलने स्वतंत्र आहेत. या भागात कार्डाने व्यवहार सर्रास होतात, त्यामुळे नोटांचे गठ्ठे नेण्याची गरज नाही.

विम्यात काटकसर नको. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय विमासंरक्षण बंधनकारक आहे. जहाजावरील डॉक्टर मोफत नसतो आणि समुद्रातून रुग्णाला हलवावे लागले तर खर्च प्रचंड येतो. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत.

जहाज आपल्यासाठी थांबते का?

नाही. निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी जहाजात परतावे लागते. कंपनीच्या सहलीवर गेलेली बस उशिरा आली तर कंपनी सहसा जबाबदारी घेते. स्वतः फिरायला गेलेले कुटुंब अडकले तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. वार्नेम्युंडेहून बर्लिनसारखा लांबचा फेरा असेल तर कंपनीची सहल घ्यावी, टॅलिन किंवा कोपनहेगनसारख्या ठिकाणी स्वतः फिरता येते.

जहाज पकडण्याच्या दिवशीच विमानाने पोहोचण्याचा बेतही टाळावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेणारी नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तेथे वेळ लागू शकतो. एक दिवस आधी पोहोचणे हाच सोपा उपाय आहे.

मार्ग बदलण्याचा अधिकार मात्र कंपनीकडे असतो. सेंट पीटर्सबर्ग हे एकेकाळी बाल्टिक क्रूझचे सर्वांत मोठे आकर्षण होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर पाश्चात्त्य कंपन्यांनी ते वगळले. खराब हवामानामुळेही एखादे बंदर गळू शकते. तेव्हा बहुधा फक्त बंदर शुल्क परत मिळते.

डबा, कपडे आणि पहिल्यांदाच समुद्र

ढोकीत पारा चाळिशीपार असतो तेव्हा बाल्टिकच्या किनाऱ्यावर १० ते १५ अंश तापमान असते आणि बर्गनमध्ये पाऊस नेहमीचाच. स्वेटरसोबत वाऱ्या-पावसाचे जॅकेट लागते. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेण्यास मनाई आहे. म्हणजे पेढे आणि तूप घरीच ठेवावे. शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद बुकिंगच्या वेळीच करावी. नातवंडे केवळ आजी-आजोबांसोबत जाणार असतील तर आई-वडिलांचे नोटरी केलेले संमतीपत्र लागते.

ढोकीपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. जहाज लागते का, वृद्धांना लांबलचक मार्गिकांतून चालणे झेपते का, हे पाहायचे तर मुंबई-गोवा ही दोन-तीन रात्रींची क्रूझ स्वस्त चाचणी ठरते. त्याला पासपोर्टही लागत नाही. मधला पर्यायही आहे. मराठी पर्यटन कंपन्यांच्या स्कँडिनेव्हिया सहलींत कोपनहेगन-ओस्लो किंवा स्टॉकहोम-हेलसिंकी असा एका रात्रीचा जहाजप्रवास अनेकदा असतो. दोन्ही मार्ग शेंगेनमधलेच, त्यामुळे प्रवेश मोजत बसावे लागत नाही.

बुकिंगआधी एजंटला कोणते प्रश्न विचारायचे?

• प्रत्येक बंदराचे नाव काय आणि ते कोणत्या देशात आहे? त्यात ब्रिटन किंवा आयर्लंड आहे का?
• या मार्गाला शेंगेनचे किती प्रवेश लागतात?
• एकाचा व्हिसा नाकारला तर बाकीच्यांचे किती पैसे परत मिळतील आणि हे लेखी देणार का?
• सेवाआकार, बंदर कर आणि टीसीएस धरून सहा जणांची एकूण रक्कम किती?

या चार उत्तरांचा कागद हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. तारीख ठरवताना परतीचे विमान पेरणीच्या आणि शाळा उघडण्याच्या आधीचे, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यातले निवडावे.