किल्ला झाला, आता पुस्तक!

पाऊस पाठ फिरवतो, आभाळ निवळते, ऑक्टोबरच्या उन्हाचा ताव थोडा ओसरतो आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागते. दिवाळीची सुट्टी नेमकी याच सुमारास येते. सहामाही परीक्षेचे ओझे उतरलेले असते. अंगणात किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला उभा असतो. मावळे आपापल्या बुरुजांवर चढलेले असतात. फराळाचा पहिला उत्साह संपला की मात्र घरातली बारा ते सोळा वयाची मंडळी दुपारी आईभोवती घोटाळू लागतात : "आता काय करू?"

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आठ वर्षांच्या मुलाला राजाराणीच्या गोष्टी पुरतात, तर अठराव्या वर्षी तो वडिलांच्या कपाटाला आपणहून हात घालतो. मधल्या वर्षांत त्याचा त्रिशंकू होतो. पऱ्यांच्या गोष्टी पोरकट वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या जड जातात. याच वयात ज्याच्या हातून पुस्तक सुटते, त्याच्या हाती ते पुन्हा येईलच असा भरवसा नाही. त्यातून शाळा इंग्रजी माध्यमाची असली की घरात फडाफडा मराठी बोलणारी मुले मराठी पान समोर येताच अडखळतात आणि लाजून ते मिटून टाकतात. भाषा घरात आणि तिचे वाङ्मय दाराबाहेर, अशी ही गंमत आहे. पण ती हसण्यावारी नेण्याजोगी खचित नाही.

सुदैवाने या वयासाठी मराठीत खजिना आहे. अडखळणाऱ्या वाचकाने सुरुवात करावी ती भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकलवर वाऱ्यासारखा सुटतो आणि संकट दिसले की तोंडाने 'टॉक्' करतो. वाक्ये छोटी, घटना भराभर. पान उलटल्यावाचून राहवत नाही. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. तो पाहिलेल्या मुलांना मूळ पुस्तकांकडे वळवणे त्यामुळे सोपे झाले आहे.

किल्ला करून ज्यांचे हात मातीने माखले आहेत, त्यांच्या हाती गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' (१९५८) द्यावा. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला एक म्हातारा आणि त्याच्याभोवतीची झाडे, पाखरे, जनावरे, एवढाच त्याचा विषय. लढाई नाही, की रहस्य नाही. तरीही रानाची ओढ लावण्याचे सामर्थ्य या लहानशा पुस्तकात आहे. पुस्तक संपवून लोणावळ्याजवळच्या राजमाचीवर खरोखरच जाऊन यावे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे तिचे दोन बालेकिल्ले पाहिले की दारातल्या किल्ल्यात कायकाय राहून गेले ते मुलांना आपोआप कळते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) चौदा वर्षांच्या पुढच्यांसाठी. एक पोरगेला मास्तर धनगरांच्या वाडीवर रुजू होतो, तर शाळेत पोरेच नाहीत. ती मेंढरांमागे गेलेली! तो हळूहळू वाडीचा होतो, गावकऱ्यांना घेऊन तालीम उभी करतो आणि शेवटी दुष्काळ वाडीच उठवून लावतो. नळाच्या पाण्यावर वाढलेल्या शहरी मुलांना पाऊस न येणे म्हणजे काय ते या पुस्तकाइतके सहज कोणी सांगणार नाही.

मुलांच्या मनात खोल उतरायचे असेल तर प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' (१९९४). आईवडिलांपासून दूर, बेळगाव भागातल्या गावात आजी-आजोबांकडे राहणारा लंपन आपले विश्व आपल्याच भाषेत सांगतो. शहाणपण शिकवण्याचा आव त्यात कुठेही नाही, म्हणूनच मुले त्यावर विश्वास ठेवतात. 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही त्याची पुढची भावंडे.

आकाशाकडे डोळे लागलेल्यांसाठी जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' (१९७९) मधल्या विज्ञानकथा आहेत. नारळीकरांनी १९७४ साली आपली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. नावाच्या वजनावर बक्षीस नको, हा हेतू. बक्षीस मिळालेच! २०२५ साली ते आपल्यातून गेले. पण शरदातल्या निरभ्र रात्री गच्चीवर बसून या कथांवर गप्पा मारायला कोणाची आडकाठी आहे?

आणि घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला (मुलालाही!) लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' द्यायला विसरू नका. त्यांचा पहिला भाग १९३४ सालचा. वडिलांचे सोवळ्याचे वेड असे की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई आपल्या हालअपेष्टाही इतक्या हसतमुखाने सांगते की डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच येते.

आता थोडे पालकांविषयी. पुस्तक हाती देऊन "वाच, फायदा होईल" एवढे म्हटले की ते पुस्तक मेलेच म्हणून समजा. त्यापेक्षा पहिले प्रकरण दुपारी सर्वांसमोर मोठ्याने वाचावे आणि ऐन रंगात आले असता चहाचे निमित्त काढून उठावे. पुस्तक उघडेच ठेवावे. पुढचे काम लेखक करतो. किती पाने झाली, तात्पर्य काय, असली उलटतपासणी मुळीच नको. एखादे पुस्तक आवडले नाही तर ते अर्ध्यावर टाकण्याची मुभा मुलांनाही असावी. ती आपण घेतच असतो! खर्चाची अडचण असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात, आणि गावोगावची वाचनालये वर्गणीदारांची वाट पाहत आहेत.

भाऊबीजेला भाऊ ताटात पाकीट टाकतो, ते दोन दिवसांत खर्चून जाते. यंदा त्या पाकिटाशेजारी एक पुस्तकही ठेवून पाहावे. आतल्या पानावर बहिणीचे नाव आणि तारीख लिहायची तेवढी आठवण ठेवा. उद्या धाकटे भावंड ते कपाटातून ओढून काढील, तेव्हा 'हे माझे आहे' असे भांडण व्हायला हवे. पुस्तकावरून भावंडे भांडत असतील, तर त्या घरात मराठीची काळजी करण्याचे कारण नाही.