धर्माचा नियम आणि बाईचा जीव

बेळगावची लेक सविता हलप्पनवार आज अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. दंतवैद्य असलेली ही ३१ वर्षांची तरुणी पतीसह आयर्लंडमधील गॉलवे शहरात राहत होती. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हा १७ आठवड्यांची गरोदर होती. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. आता मोकळे करा, अशी विनवणी तिने केली. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून नकार मिळाला. हा कॅथलिक देश आहे, असे तिला सांगण्यात आले. तसे आपण बोललो, हे एका परिचारिकेने पुढे मृत्यूच्या चौकशीत मान्य केले. रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि २८ ऑक्टोबरला सविता गेली.

उपचारांतही चुका झाल्या होत्या, हे चौकशीत निघाले. पण त्या चुकांच्या मागे एक कायदा उभा होता. १९८३ मध्ये आयर्लंडने घटनादुरुस्ती करून गर्भाला आईच्या बरोबरीचा जगण्याचा हक्क दिला. १९९२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आईच्या जिवाला खराखुरा धोका असेल तरच गर्भपात करता येईल. नुसता प्रकृतीला धोका पुरेसा नाही. आम्ही वकील आहोत, आम्हाला विचारावेसे वाटते की, प्रकृतीचा धोका कुठे संपतो आणि जिवाचा कुठे सुरू होतो? ती रेषा कळेपर्यंत वाट पाहिली गेली, आणि कळली तेव्हा उशीर झाला होता.

हा कायदा कुठून आला? त्याची मुळे कॅथलिक नीतिशास्त्रात आहेत. त्या शास्त्रानुसार थेट गर्भपात कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध आहे. कर्करोग झालेले गर्भाशय काढताना गर्भ गेला, तर तो न इच्छिलेला परिणाम म्हणून चालतो. परंतु आईला वाचवण्याचे साधन म्हणून गर्भपात चालत नाही. गर्भनिरोधाचेही तेच. पोपने नेमलेल्या आयोगाच्या बहुमताने नियम बदलावा असे सुचवले होते. पोप सहावे पॉल यांनी ते बाजूला सारून १९६८ च्या ‘ह्युमाने विते’ या पत्रकातून कृत्रिम साधनांवरील बंदी कायम ठेवली. अंतिम निर्णय देणारे सारे पुरुष, तेही ब्रह्मचारी!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. अमेरिकेतील अनेक राज्ये ‘अपात्र’ ठरवलेल्या गरिबांची सक्तीने नसबंदी करीत होती, त्या काळात, १९३० मध्ये, पोप अकरावे पायस यांनी बजावले होते की, निरपराध माणसाच्या शरीरावर सरकारची थेट सत्ता नाही. हे आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. पण सरकार बाईच्या शरीराचे मालक नसेल, तर धर्मपीठ तरी कसे?

आम्हाला कोणी विचारेल, तुम्ही बौद्ध. पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. मग तुम्ही गर्भपाताची बाजू कशी घेता? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेविषयी सांगताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक देते, नियम देत नाही. हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची गरज, या दोन गोष्टीही त्यांनी वेगळ्या केल्या. हे विवेचन गर्भपाताविषयी नाही, हे खरे. पण कसोटी आम्ही तीच लावतो. गॉलवेमध्ये जीवनाचा आदर हे तत्त्व नियम होऊन बसले. त्या नियमाने गर्भ वाचला नाही आणि आईही गेली.

बाबासाहेबांनी हा विषय टाळला नाही. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्या बाजूने ते १९३४ मध्ये कोर्टात उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यात बाईच्या यातनांचा विचार होता. ठराव फेटाळला गेला.

१९९४ मध्ये अमेरिकेतील काळ्या स्त्रियांनी ‘प्रजनन न्याय’ हा शब्द दिला. मूल नको असेल तर न होऊ देण्याचा हक्क, हवे असेल तर होऊ देण्याचा हक्क आणि झालेले मूल सुरक्षितपणे वाढवण्याचा हक्क, असे त्याचे तीन पाय आहेत. आपल्याकडे २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. खाडा पडू नये म्हणून गर्भाशयच काढायचे! तिकडे बाईला गर्भ ठेवायला लावले, इकडे गर्भाशय गमवायला. खरी निवड दोघींनाही नव्हती.

हा ख्रिस्ती बांधवांवर रोष नाही. दलित ख्रिस्ती आपलेच आहेत. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के आयरिश मतदारांनी ती घटनादुरुस्ती रद्द केली. त्यांत असंख्य कॅथलिक होते.

आपला कायदा १९७१ चा आहे. त्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीने आवश्यक असेल, तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. अविवाहितेलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. तरीही ‘नवऱ्याला घेऊन या’ असे सांगून आमच्या वस्तीतल्या बाईला परत पाठवले जाते, आणि ती परत येते, कारण तिला हे कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून महिला मंडळांना आमची विनंती आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते. अहिंसेचे ते प्रकरण वाचून झाले की, या कायद्यातील संमतीचे कलमही वाचून दाखवा. जयभीम!